साधं की सिंथेटिक, तात्या?

तात्या, आधी मंदाताईंचं नाव घेतो, मग बाकीचं. तुम्ही त्यांना ओळखत नाही. मीही त्यांना पाहिलेलं नाही. मंचरच्या दवाखान्यात त्या वॉर्ड झाडतात, चादरी बदलतात. तुमच्या उशाशी पडलेला फोन वाजला तेव्हा काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मंदाताईंनी हातातली चादर बाजूला ठेवली आणि फोन उचलला. "पेशंटला बोलता येत न्हाई वो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, ऐकू येत असंल. नुसता कानाला धरा." त्यांनी धरला. कोण, कुठला, काही विचारलं नाही. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचला असेल तर तो त्या बाईच्या हातानं पोचला. पोचला असेल तर. सगळा घोर ह्या 'तर'चा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. दत्तानं, तुमच्या पुतण्यानं, कळवलं. मी इथं हिमाचलात, लाहौलला, खिंडीच्या पलीकडं. थंडीत रस्त्याचं काम बंद पडतं, पण कंपनीची मशिनं राखायला काही माणसं वर ठेवतात. त्यात मी. खिंड बर्फानं बुजलेली. तुमच्या मातीला मी नव्हतो, दहाव्याला नव्हतो. ज्या माणसानं मला आण्याचा घाट उतरायला शिकवलं, त्याच्यासाठी मला एक घाट उतरता आला नाही.

फोनवर मी काय बोललो ते सांगतो. ऐकलं असेल तर पुन्हा ऐका, नसेल तर आता ऐका. दत्ता म्हणाला होता, अर्धांगाचा झटका आहे, बोलणं गेलंय, समजतंय का नाही ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. अशा वेळी माणसं काय बोलतात ते मला माहीत नव्हतं. पोटात पुष्कळ होतं. तोंडातून आलं ते असं: "तात्या, उठा आता. न्हाईतर मी काकूंना सांगून गाडीत सिंथेटिक ऑईल टाकायला लावीन. बोला, साधं का सिंथेटिक?"

मला वाटलं, चिडाल. ह्या एका गोष्टीवर तुम्ही तापात पडलेले असलात तरी उठून बसायचात. पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. मग घशात काहीतरी घरघरलं आणि रेंज गेली. इथं वारा सुटला की रेंज जाते. त्यानंतर कितीदा तरी लावला, लागला नाही.

तर आपलं भांडण तिथंच राहिलं.

ते सुरू कधी झालं ते आठवतंय का? मी आळेफाट्याला कांद्याच्या गोण्या उचलत होतो. शाळा सातवीत सुटलेली, पाठ तेवढी मजबूत. तुमची दुधाची जीप बाजाराच्या तोंडाशी बंद पडली आणि मी धक्का मारला. तुम्ही काच खाली करून म्हणालात, "पाठीत जोर हाय. डोक्यात किती हाय?" मी म्हटलं, "बघा वापरून." तुम्ही हसलात आणि दार उघडलं. एवढीच माझी मुलाखत. त्यानंतर सकाळच्या पारी बोरीतून निघायचं, घाट चढायचा, आण्याच्या पठारावरून कॅन उचलत यायचं आणि दूध तापायच्या आत डेअरीच्या थंड टाकीत नेऊन ओतायचं. वर्षानुवर्षं हेच. मी आधी शेजारच्या सीटवर, मग तुमच्या जागी.

घाटाच्या पहिल्या उतारावर मी गाडी न्यूट्रलला टाकली, डिझेल वाचेल म्हणून. तुम्ही माझ्या मांडीवर अशी चापट मारली की वळ उठला. "गेरात ठिवून, इंजिनाला धरून उतर. ब्रेकाला धरून न्हाई. ब्रेक दगा दील, इंजिन न्हाई देणार. पर त्येला खायला नीट घाल." इथल्या पहाडात मी आजही तसाच उतरतो. बरोबरची पोरं हसतात. हसू देत.

इंजिनाला नीट खायला घालायचं म्हणजे ऑईल, आणि त्याची तुमची पद्धत जगावेगळी होती. गाडीचं मीटर कधीचं मेलेलं, किती किलोमीटर झाले ते देवालाच ठाऊक. म्हणून तुम्ही चंद्रावर हिशेब लावलेला. एक अवस सोडून दुसऱ्या अवसेला ऑईल बदलायचं. गाडीला नवं लिंबू-मिरची त्याच दिवशी, नारळ त्याच दिवशी, आणि वाडीतली माणसं रिकामी डबडी घेऊन दारात त्याच दिवशी. कुणाला जळकं ऑईल बैलगाडीच्या चाकाला हवं, कुणाला वाळवी लागलेल्या खांबाला. काकू म्हणायच्या, "आमच्याकडं दिवाळीला येवढी मानसं येत न्हाईत, तेवढी काळ्या त्येलाला येत्यात." तुम्ही इंजिनातली ऑईल बघायची पट्टी बाहेर काढून ऑईल दोन बोटांत चोळायचात, नाकाशी न्यायचात. दूध पारखावं तसं. दुकानात जाऊन मागायचात तेही मराठीत. दुकानदार डब्यावरचा नंबर वाचून "फिफ्टीन फोर्टी?" विचारायचा आणि तुम्ही, "पंधरा-चाळीस. साधं. आन डब्याचं शील माझ्या म्होरं फोड."

मी इकडं आलो तेही तुमच्यामुळंच. रस्त्याच्या कंपनीला मशिनवर माणसं हवी होती, मी जाऊ की नको करत होतो. तुम्ही म्हणालात, "जा. दुधाच्या गाडीला ड्रायवरची एकच सीट असती, आन तिच्यावर मी अजून लई दिवस बसणार हाय." बसलात खरे. पण मला वाटत होतं त्याहून कमी.

इथल्या पहिल्याच थंडीत मला कळलं की ऑईलही गोठतं. साधं ऑईल सकाळी काकवीसारखं घट्ट होतं, इंजिन फिरायचं नाव घेत नाही. पोरं इंजिनाखाली शेगडी ठेवायची. मग कंपनीनं सिंथेटिक पाठवलं आणि तेच इंजिन एका चावीत बोलायला लागलं. सुट्टीवर येताना मी त्याचा एक डबा तुमच्यासाठी घेऊन आलो. आठवतंय ना? मी म्हटलं, "तात्या, हे सिंथेटिक हाय. लई टिकतं. दोन अवसा जास्त जातील."

तुम्ही डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्या वर्षी सिंथेटिक दुधाच्या बातम्या होत्या. युरिया आणि साबणाचं दूध करून विकतात म्हणून टीव्हीवर रोज दाखवत होते. डेअरीवाले प्रत्येक कॅनमध्ये वाकून बघत होते आणि पठारावर तुम्हाला दूध घालणाऱ्या बायांचा अपमान झाल्यासारखं तुम्हाला होत होतं.

"सिंथेटिक?" तुम्ही म्हणालात. "दुधात सिंथेटिक म्हंजे युरिया. साडीत सिंथेटिक म्हंजे उन्हाळ्यात अंगाला चिकटनार. आन ऑईलात सिंथेटिक म्हंजे अमृत व्हय रं?"

"तात्या, शब्द तोच हाय, पर माल येगळा."

"शब्द तोच लावत्यात म्हंजे कायतरी सारखंच असंल. आन दोन अवसा जास्त गेल्या तर अवसेला मी काय करू? नुसतं लिंबू बांधून बसू? दारात डबडी घिऊन आल्याली मानसं परत लावू?"

काकू चुलीपुढून म्हणाल्या, "शिवा, त्यांना ऑईलचं पडलं न्हाई बाबा. त्यांची जत्रा मोडती." तुम्ही त्यांच्याकडं असं बघितलं की त्याही हसल्या, मीही हसलो, तुम्ही मात्र हसला नाहीत. पण डबा परत केला नाहीत. पाहुण्याला पाट द्यावा तसा तो आतल्या खोलीत लाकडी पेटीवर ठेवलात. शील न फोडता. पुढं दर सुट्टीला मी विचारायचो, "पावणं कसं हायत?" तुम्ही म्हणायचात, "जेवले, झोपलेत. उठवू नको."

मी हरलो असं मला कधीच वाटलं नाही. आपलं बरोबर आहे असंच वाटायचं. पण तुम्ही चुकताय असं मनात आलं की माझ्या डोक्यात लगेच घाट यायचा, तो दिवस यायचा. पाऊस संपला होता, ऊन भाजत होतं, गाडी कॅननी भरलेली. अर्ध्या घाटात ऑईलचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय, नेऊ दामटून." तुम्ही चावी फिरवून काढून खिशात घातलीत. ऑईलचा नट ढिला होऊन सगळं ऑईल रस्त्यावर सांडलेलं. दूध तापत होतं, तुम्ही दगडावर बसलेले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीबरोबर तुम्ही घाटाखाली निरोप धाडलात. ऑईल येईपर्यंत सगळं दूध नासलं. पठारावरच्या प्रत्येक घरी तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत. मला वाटलं होतं, शिव्या घालाल. एवढंच म्हणालात, "दूध उद्या परत येतं रं. इंजिन येत न्हाई. आन इंजिन न्हाई आलं तर ह्या बायांचं दूध कोन नेतंय?"

म्हणून मला भीती वाटते, तात्या. गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. आता काकूच गाडीत शेजारच्या सीटवर बसून जातात. दत्ता चालवतो, त्या कॅन मोजून घेतात, दूध तपासतात. म्हणाल्या, "शिवा, अवस जवळ आली. दत्त्या म्हनतोय, पेटीवरचा त्यो डबा फोडू. तात्यांनी हौसंनं ठिवलाय, त्यांच्या नावानं टाकू. टाकू का? तू आनला व्हता, तूच सांग."

इतकी वर्षं मी टाका-टाका म्हणत होतो आणि आता कुणी टाकू का विचारल्यावर मला हो म्हणवेना. तुमचं इंजिन म्हातारं. जन्मभर साध्या ऑईलवर वाढलेलं. आतली रबरी सीलं कडक झालेली, कडेला वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला, आणि त्या गाळानंच कितीतरी भेगा धरून ठेवलेल्या असणार. सिंथेटिक पातळ, ते गाळ धुऊन काढतं. नव्या इंजिनाला ते वरदान. जुन्याला, कोण सांगणार? काहींना काही होत नाही. काही गळायला लागतात. इथला आमचा मिस्तरी म्हणाला, "चल जाएगा." चल जाएगा म्हणून चालत नाही. गळालं आणि दत्तानं लाल दिव्याकडं लक्ष दिलं नाही तर घाटात इंजिन जाम होईल, गाडीत काकू असतील, आणि पठारावरचं दूध दारोदारी तसंच राहील. उलट साधं म्हणालो आणि ते दत्तानं वेळेवर बदललं नाही तर? साध्याला अवस पाळणारा माणूस लागतो. तो माणूस तर गेला.

मी म्हटलं, "काकू, दोन दिवस थांबा. सांगतो."

मग त्या सहज बोलल्या. "तुमचे तात्या एक शबुद बोलून गेले बघ. मी खाली गेल्ते तवा. त्या झाडनाऱ्या ताईनं आयकला. 'साधं' म्हनले. म्हनून मी दहावा साधा केला. परवचन न्हाई, मांडव न्हाई, पुढाऱ्यांची भाषनं न्हाईत, मोजकी मानसं. भावकी फुगून बसलीये. म्हनत्यात, हिनं नवऱ्याच्या दहाव्याला बी हात आखडला. म्हनू देत. त्यांचाच शबुद हाय."

मी काकूंचा फोन ठेवला. 'साधं का सिंथेटिक' हे मी तुम्हाला विचारलं होतं ते फक्त मला माहीत. तुम्ही मला उत्तर दिलंत, की दहाव्याचं सांगितलंत? पुढाऱ्यांच्या भाषणांना तुम्ही कायमच वैतागायचात, तेही खरं. ते उत्तर माझं असेल तर माझा आवाज पोचला. पण मग काकूंच्या पायाखालची जमीन मी काढून घेणार. भावकीपुढं त्या त्या एका शब्दावर उभ्या आहेत. उत्तर माझं नसेल तर मी भिंतीशी बोललो, आणि आपलं शेवटचं बोलणं कधी झालंच नाही. दोन दिवस मी मशिनांच्या मधून नुसता फिरलो. एका लोडरची पट्टी किती वेळा काढून पुसली ते मलाच कळेना. मिस्तरी म्हणाला, "भाई, अब उसमें क्या देख रहा है?"

शेवटी दवाखान्याच्या फोनवर मंदाताईंना बोलावून घेतलं.

"ताई, मी तो फोनवाला. बोरीच्या तात्यांचा."

"आरं व्हय! बर्फातला. बाईंनी सांगितलं मला तुमचं. हाय का बरं?"

"ताई, तात्या नक्की काय म्हणाले? सगळं सांगा. जसंच्या तसं."

"सांगितलं की बाईंना. साधं म्हनले."

"एवढंच?"

"न्हाई, थांबा. तुमचा आवाज बंद झाला, तरी मी फोन धरूनच व्हते. जीभ लई जड झाल्ती त्यांची. पर दोनदा म्हनले. 'साधं. पंधरा-चाळीस.' मी बाईंना म्हनलं, दहाव्याच्या मानसांचं म्हनत असतील, पंधरा न्हाईतर चाळीसच बोलवा. का वो? चुकलं का माझं कायतरी?"

त्या "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. मग मी सांगितलं, की तो ऑईलच्या डब्यावरचा नंबर आहे, आणि मी काय विचारलं होतं.

"आगं बया!" मंदाताई म्हणाल्या. "लोकं जाताना देवाचं नाव घेत्यात. ह्यांनी ऑईलचं घेतलं?" आणि हसल्या, आणि हसता हसता नाक ओढलं. "पर म्हंजे आयकलं म्हना की त्यांनी तुमचं."

ऐकलंत, तात्या. ऐकलंत आणि नेहमीसारखं भांडलात. डब्याचा नंबर सांगितलात म्हणजे मी दुसराच कुठला उचलू नये.

आता राहिल्या काकू. न सांगितलं तरी कुणाला कळलं नसतं. पण डब्याचं विचारणाऱ्या त्याच होत्या आणि उत्तर तुमचं होतं. माझं म्हणून ते मला देता येईना. फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे," काकू म्हणाल्या, "मी भावकीला उपाशी लावलं ते इंजिनाच्या ऑईलवरनं?"

"काकू, माझं चुक..."

"आन शेवटचा शबुद बी गाडीचाच. माझं नाव न्हाई घेतलं बघ त्यांनी."

मला वाटलं, सांगितलं हेच वाईट केलं. मग त्यांचा आवाज बदलला. अगदी हळू झाला.

"शिवा, तुजं आयकलं त्यांनी?"

"ऐकलं, काकू. नंबरासकट."

"आरं, मग माझं बी आयकलं असंल की. मी सारखी बोलत व्हते त्यांच्याशी. म्हशीचं सांगितलं, पठारावरच्या बाया इचारत्यात म्हनून सांगितलं, आजून काय काय सांगितलं. डाक्टर म्हनले समजत नसंल. मला वाटलं, मी आपली भिंतीशी बोलतीये." आणि मग त्या रडल्या. दत्ता म्हणतो, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाल्या, "भावकीला ह्यातलं काय सांगू नको. साधं त्ये साधं."

"आणि डबा, काकू?"

"ऱ्हाऊ दे पेटीवर. पावना हाय. तू येशील तवा घिऊन जा माघारी, तिकडं थंडीत लागंल तुला."

तर तात्या, साधंच सांगितलंय. पंधरा-चाळीस. शील काकूंच्या पुढं फोडायचं. दत्ताला बजावलंय, घाट चढायच्या आधी रोज पट्टी काढायची, बोटांत चोळायची, आणि लाल दिवा लागला की चावी काढून खिशात. अवस पाळायचं काकूंनी आपल्याकडं घेतलंय. म्हणाल्या, "चंद्र मला बी दिसतो." तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. परवा अवस आहे. दत्ता नट नीट आवळेल का, वायसर नवा घालेल का, हेच डोक्यात फिरतंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तितं बसून नट आवळता येत न्हाई, आपली मशिनं बघ. बघतो आहे. इथं सिंथेटिकच आहे बरं का. इथं तुम्हीही तेच टाकलं असतं. मान्य केलं नसतं, पण टाकलं असतं.

तुमचे उपकार मी फेडणार नाही. फेडले तर तुम्हालाच आवडायचं नाही. पण मंदाताईंचे राहिलेत. फोन ठेवताना मी विचारलं, "ताई, तुमच्यासाठी काय करू?" त्या म्हणाल्या, "मला काय करतायसा? आमचं गाव डिंभ्याच्या वर, आहुप्याच्या रस्त्याला. घोडेगावातनं वर जायला गाडी गावंना झाली की मी फाट्यावर बसून ऱ्हाते तासन् तास. कवा दिसले तर बसवून घ्या."

खिंड उघडली की येतो, तात्या. आधी बोरीला, काकूंकडं. दुपारी कॅन रिकामे झाले की तुमची गाडी धुऊन घेतो आणि मंचरला जातो. मंदाताईंना तुमच्या शेजारच्या सीटवर बसवतो आणि पार त्यांच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. चढ असो, उतार असो, इंजिनाला धरून. साध्या ऑईलवर.